रबरी वाट्या

नाचणीच्या सत्त्वावरचं झाकण आसावरीच्या हातून निसटलं, कॉटच्या पायाशी फरशीवर आपटलं आणि कडेवर उभं राहून गरगरत राहिलं. आधी ठणठणीत, मग बारीक, मग थंडीत दात वाजावेत तसं थडथडत एकदाचं आडवं झालं. खाली मागच्या पडवीत चाललेलं बोलणं थांबलं. "आसावरी, काय पडलं गं?" सासऱ्यांनी खालूनच विचारलं. "काही नाही बाबा, झाकण," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिची नजर कॉटकडे गेली. अनय झोपला होता. वर्ष उलटून गेलेलं पोर, कुशीवर वळलेलं, एक पाय कॉटच्या लाकडी पट्टीला टेकवलेला, एक तळहात दुसऱ्या पट्टीवर पसरलेला. पापणीसुद्धा हलली नव्हती. पलीकडच्या कारखान्याच्या एवढ्या खडखडाटातून झाकण खाली पडवीत ऐकू गेलं, आणि इथे हातभर अंतरावर गेलं नाही. ती वाकून झाकण उचलायला गेली, पण उचललं नाही. तशीच उकिडवी बसून राहिली, जणू ते उचललं तर पुन्हा पडेल.

असं काही आजच झालं होतं असं नाही. पण निजामपुऱ्यातल्या या गल्लीत अशा गोष्टींना उत्तर तयार असायचं. घराची मागची भिंत आणि लूमच्या कारखान्याची भिंत यांच्यात बोळ म्हणावा एवढीही जागा नव्हती. लग्न होऊन मुरबाडहून ती इथे आली तेव्हा पहिल्या दिवसांत तिला वाटायचं, आपण घरात नाही, कुणीतरी दळत असलेल्या जात्यात राहतोय. फळीवरच्या कपबशा आपापल्या पायांनी कडेपर्यंत चालत यायच्या आणि रोज कुणीतरी त्यांना मागे सरकवायचं. देवांच्या तसबिरी मान कलती करून बसायच्या. तांब्यातलं पाणी कुणी हात न लावता शहारायचं. मग हळूहळू हे सगळं अंगवळणी पडलं, इतकं की माहेरी गेल्यावर तिथल्या शांततेत तिला झोप येईना. म्हणून अनय फटाक्यांना दचकला नाही, विसर्जनाच्या ढोलांत खांद्यावर मान टाकून गाढ झोपला, तेव्हा शेजारचे हरीभाऊ म्हणाले होते, "पक्का भिवंडीकर आहे हो! पोटात असल्यापासून लूम ऐकलाय, ढोल काय चीज आहे!" सगळे हसले. आसावरीही हसली. हसताना तिच्या आत काहीतरी खाली बसलं, पाण्यात गाळ बसतो तसं, आणि तेव्हापासून ती वरचं पाणी ढवळणार नाही इतक्या जपून वागत आली होती. अनय अजून 'आई' म्हणत नव्हता. मुलगे उशिरा बोलतात. तिचा नवरा आल्हाद, तोही उशिराच बोलला होता म्हणे.

आणि तिच्याजवळ एक पुरावा होता. तो तिने कुणाला दाखवला नव्हता, कारण त्यासाठी आधी प्रश्न सांगावा लागला असता. आल्हादलाही नाही. संध्याकाळी उन्हं गॅलरीच्या कठड्यावरून उतरली की कारखान्यात ड्युटी बदलते. मुकादम मेन स्विच खाली ओढतो, सगळे लूम एकदम गप्प होतात, कारागीर यंत्रांवर साचलेला कापूस झटकतात आणि थोड्या वेळाने पुन्हा धडधड सुरू होते. त्या मधल्या गप्पपणात झोपलेला अनय डोळे उघडायचा. रोज. कधी कुरकुरायचा, कधी नुसताच छताकडे बघायचा, काहीतरी हरवल्यासारखा. म्हणजे आवाज गेल्याचं त्याला कळतं. म्हणजे आवाज असल्याचंही कळतं. आसावरी विज्ञान शाखेची पदवीधर होती; एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये हे तिला शिकवलं होतं. पण हे रोजचं निरीक्षण होतं. ती दर संध्याकाळी त्या क्षणाला कॉटपाशी येऊन उभी राहायची आणि त्याचे डोळे उघडले की तिचाही श्वास उघडायचा. मग ती खाली जाऊन चहा टाकायची.

आता तिने झाकण उचललं आणि सतरंजीवर आडवी झाली. दुपार अजून बरीच बाकी होती. खालचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं आणि जिन्याच्या पोकळीतून धुरासारखं वर येत होतं. पडवीत तिघांचा रोजचा बैठा कारखाना असायचा. सासरे, रामनाथ, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. टेलिफोन खात्यातले हरीभाऊ. आणि विद्युल्लताबाई, ज्यांनी आल्हादला शाळेत विज्ञान शिकवलं होतं आणि ज्यांना अख्खी गल्ली नुसतं 'बाई' म्हणायची. मधे एक टेबल, त्यावर पोट फाडलेला पंखा, स्क्रूंनी भरलेल्या लोणच्याच्या बरण्या, आणि न संपणाऱ्या गप्पा.

"कुकरची रिंग सैल झाली ना बाई, की फ्रीजरमध्ये ठेवायची. आवळून येते."

"हरीभाऊ, हे तुम्ही मला गेल्या आठवड्यात सांगितलंत. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात मी तुम्हाला सांगितलं होतं."

"मग खरंच असणार."

"रामनाथराव, तुम्ही पंखा दुरुस्त करताय की पोस्टमॉर्टेम?"

"मेलेला नाही बाई तो. रुसलाय नुसता."

तेवढ्यात कारखान्याच्या खिडकीतून मुकादमाचा आवाज आला, "चाचा, हमारा फॅन हो गया क्या?" "होगा, होगा. कल देखो." "आप रोज कल बोलते हो, चाचा!" "तो रोज देखो ना!" हरीभाऊंचा खोकला हसण्यात मिसळला, मग त्यात लूमचा ठेका मिसळला, आणि आसावरीच्या डोळ्यांवर झापड येऊ लागली. तिला हे बोलणं आवडायचं. त्यात कुणालाच काही झालेलं नसायचं. गिझरच्या कॉइलवर क्षार चढायचे, नळाचा वायसर झिजायचा, मिक्सरच्या भांड्याखालचा बुश फुटायचा. आणि जे जे झिजायचं त्याचा बदली भाग कुठल्यातरी बरणीत असायचाच. सासूबाई असताना म्हणायच्या, "या घरात कुणी मेलं तरी हे आधी दाराची कडी दुरुस्त करतील." त्या गेल्या तेव्हा बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. दिवसकार्य झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, त्यांनी सासूबाईंचा मिक्सर खाली नेला, पूर्ण खोलला, प्रत्येक भाग पुसून पुन्हा जोडला. त्याला काहीच झालेलं नव्हतं.

झोप आणि जाग यांच्या मधल्या ओल्या काठावर तिला काळू नदी दिसली. मुरबाडला, लहानपणी, ती पाण्यात डोकं बुडवून श्वास धरायची. वरचं सगळं जग एका फटक्यात बंद व्हायचं. काठावर आई धुण्याच्या दगडापाशी उभी, तोंड उघडतंय, मिटतंय, हात हलतायत, नक्कीच रागावून हाक मारतेय, आणि इथे खाली फक्त गोटे एकमेकांना घासून काहीतरी बोलतायत. ते बोलणं कानाने नाही, कपाळाने ऐकू यायचं. तिला भीती वाटली नव्हती कधी. उलट वाटायचं, आईला काय म्हणायचंय ते इथूनच जास्त चांगलं कळतंय. आणि मग दम संपला की वर यायचं, आणि हाक एकदम कानावर आदळायची. आता स्वप्नात ती वर येत होती आणि काठ येत नव्हता. शेजारी पाण्यात अनय होता, डोळे उघडे, तिच्या तोंडाकडे बघत. तो नेहमी तिच्या तोंडाकडेच बघायचा.

"...अहो, वळ गावातल्या त्याच्या कामाच्या गोडाऊनमधून आल्हादने आणलाय हा पट्टा. माल पुढे सरकवतात ना, तो. भाकरीएवढं जाड रबर आहे. ह्याच्या वाट्या करायच्या आणि कॉटच्या पायांखाली घालायच्या." बाबांचा आवाज होता. "सारखे नट आवळतो मी त्या कॉटचे. हादऱ्याने पुन्हा सैल. पोर झोपतं हो त्याच्यावर."

"सुरीला साबणाचं पाणी लावा, रबर लोण्यासारखं कापेल," बाई म्हणाल्या.

"करा करा. बरं होईल पोराला," हरीभाऊ म्हणाले. "हा लूमचा हादरा कानाला नाही लागत, रामनाथराव, हाडाला लागतो. आमच्या एक्स्चेंजमध्ये आत मशिनं चालायची. एखादं बंद पडलं तर आम्हाला आवाजावरून नाही कळायचं, खुर्चीवरून कळायचं. चहा पिता पिता माणूस उठून उभा राहायचा. बूड सांगायचं, काहीतरी थांबलंय."

"शोभतं का हे बोलणं?"

"बाई, विज्ञान आहे ते."

आसावरी उठून बसली. खाली सुरी रबरावर करकरत होती. तिने सतरंजीवर, मग सतरंजी सरकवून फरशीवर हात ठेवला. फरशी बारीक थरथरत होती. हात कॉटच्या पायावर ठेवला. मग पट्टीवर, अनयच्या पसरलेल्या तळव्याशेजारी. लाकूड जिवंत होतं. मांजर घुरघुरतं तसं आतून घुमत होतं. या पट्टीवर तो रोज गाल टेकवून झोपायचा. त्याच्या गालावर उठलेली लाल रेघ तिने कितीदा चोळून घालवली होती, आणि आल्हादला दाखवून हसली होती. खुर्चीवरून कळायचं. बूड सांगायचं. लूम थांबतात तेव्हा कॉटही थांबते. तिच्या इतक्या संध्याकाळी जपलेल्या पुराव्यात एक भोक पडलं होतं आणि त्यातून सगळं वाहून चाललं होतं, आणि खाली तिघं म्हातारी माणसं मोठ्या मायेने, साबणाचं पाणी लावून, ते भोक नीट गोल कापत होती. कॉटखाली रबर बसलं की हादरा वर येणार नाही. नुसता आवाज उरेल. मग संध्याकाळी लूम थांबले की जे व्हायचं ते होईल, आणि ते जे होईल ते पुन्हा न झालेलं करता येणार नाही.

बाबा जिना चढून आले तेव्हा ती दारातच उभी होती. त्यांच्या हातात चार काळ्या वाट्या होत्या, लहान मुलाच्या भातुकलीतल्यासारख्या. मागे हरीभाऊ कठड्याला धरून धापा टाकत होते.

"बाबा, राहू दे ना ते. झोपलाय तो."

"एक मिनिटाचं काम आहे. तू त्याला उचल, आम्ही पाय उचलतो."

"झोप मोडेल त्याची. आणि त्याला सवय आहे हादऱ्याची."

"अगं, सवय कसली वाईट ती. मोठ्यांचे नट सैल होतात इथे, पोराचं काय!"

"नको म्हटलं ना, बाबा!"

आवाज चढलाच. हरीभाऊ उगाच जिन्याच्या बल्बकडे बघू लागले. बाबांनी वाट्या एकात एक घातल्या, पुन्हा वेगळ्या केल्या. त्यांच्या बोटांना काळं लागलं होतं आणि साबणाचा वास येत होता. "बरं," ते म्हणाले, "राहिलं मग. आल्हाद आला की विचारतो." आणि वळले. वळताना त्यांचा खांदा असा काही उतरला की तिला तो मिक्सर आठवला, खोलून पुसून पुन्हा जोडलेला. त्यांना एवढंच येत होतं. आणि आपल्याला काय येत होतं? रोज संध्याकाळी येऊन उभं राहणं.

"थांबा, बाबा," ती म्हणाली. तिने अनयला उचलून खांद्यावर घेतलं. तो कण्हला, त्याने तोंड तिच्या मानेत खुपसलं. बाबांनी आणि हरीभाऊंनी एकेक पाय उचलला, तिने मोकळ्या हाताने, खाली बसून, पायांखाली वाट्या सरकवल्या. शेवटची वाटी घट्ट होती. ती तिने तळव्याने दाबून बसवली. कॉट निमूट झाली. कुणीतरी बोलता बोलता गप्प व्हावं तशी.

"बघ," बाबा पट्टीवर हात ठेवून म्हणाले, लहान मुलासारखे खुलून, "दगड झाली नुसती! आता झोपेल राजासारखा."

तो झोपला नाही. खांद्यावरून खाली ठेवल्याबरोबर त्याने डोळे उघडले, हात पट्टीवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग दुसऱ्या पट्टीवर. चेहरा रडवेला झाला. आसावरीने त्याला छातीशी घेतलं आणि जे तोंडाला येईल ते गुणगुणायला लागली, तिच्या आईचं, शब्द अर्धे विसरलेलं. छातीशी गाल दाबून तो ऐकल्यासारखा स्थिर झाला. तो नेहमी गाण्याने झोपतो, हे ती सगळ्यांना कौतुकाने सांगायची. आज तिला आपली बरगडी घुमताना जाणवली, त्याच्या गालाखाली, त्या पट्टीसारखीच. तिने गाणं थांबवलं नाही. तो झोपला, तिने त्याला हलकेच खाली ठेवलं आणि कॉटला हात न लावता शेजारी बसली.

उन्हं कठड्यावर होती. डोक्यावर पंखा फिरत होता. खाली बाई विचारत होत्या, "आज चहाचं काय झालं?" आणि हरीभाऊ म्हणत होते, "पोर झोपलंय, थांबा जरा." भिंतीपलीकडे लूम आपलं तेच तेच वाक्य म्हणत होते. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, यांनी कधी थांबूच नये. शुक्रवारची सुट्टी नको, ड्युटी बदलायला नको, मुकादमाचा हात त्या स्विचपर्यंत पोचायलाच नको. हा माणूस घरी काय करत असेल, त्याला मुलं किती असतील, पंखा नसल्यामुळे ती कशी झोपत असतील, असं काहीबाही ती मनात आणत राहिली. ऊन कठड्यावरून घसरलं. खाली तुळशीच्या कुंडीवर गेलं. तिथूनही गेलं.

आणि लूम थांबले.

जग एवढं मोठं झालं एकाएकी. पारव्याने पत्र्यावर नखं घासली. कुणाच्या तरी कुकरची अर्धी राहिलेली शिट्टी पूर्ण झाली. लांब मशिदीत कुणीतरी माईक तपासत फुंकर घातली, फू, फू. खाली बाईंच्या बांगड्या रिकाम्या कपाला लागल्या. आसावरीला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. ती अनयच्या पापण्यांकडे बघत होती. त्या मिटलेल्या होत्या. आत बुबुळं सावकाश हलत होती, कुठल्यातरी स्वप्नामागून. ती बघत राहिली. तोंडातून लाळेचा एक थेंब गादीवर उतरला. कारखान्यात कुणी मोठ्याने हसलं, झाडू फिरला, लोखंडावर लोखंड आपटलं. तो झोपला होता. तो शांत, राजासारखा झोपला होता, बाबा म्हणाले तसा.

तिने हाक मारली. आधी हळू, मग पूर्ण आवाजात, "अनय!" खाली बोलणं थांबलं.

मग तिने बोट वाकवून कॉटच्या पट्टीवर ठोकलं, टक टक. दार वाजवतात तसं.

त्याने डोळे उघडले. आधी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्या बोटाकडे, मग वर तिच्या तोंडाकडे. आणि ओळख पटून हसला, वरचे दोन दात दाखवत. तिने पुन्हा ठोकलं. त्यानेही आपला तळवा पट्टीवर मारला. इतके दिवस ती काठावरून हाका मारत होती.

त्याला कडेवर घेऊन ती जिना उतरली. तिघांनी वर पाहिलं. पंखा अजून तसाच पोट उघडून पडला होता.

"बाबा," ती म्हणाली, "अनयला ऐकू येत नाही."

बाबांच्या हातात स्क्रू होता, तो त्यांनी बरणीत टाकला. त्याचा आवाज सगळ्यांना आला, आणि सगळ्यांनी अनयकडे पाहिलं. तो कारखान्याच्या खिडकीकडे बघत होता.

"कधीपासून माहितीय तुला?" बाबांनी विचारलं.

"आजच कळलं." मग ती म्हणाली, "नाही. बरेच दिवस. पण आजपर्यंत कळून घेतलं नव्हतं. म्हणून नको म्हणत होते ते रबर."

"असं होय." त्यांनी धोतराच्या फडक्याने एकेक बोट पुसलं. "मला वाटलं, माझ्या हातचं नको झालंय तुला."

विद्युल्लताबाई उठून तिच्याजवळ आल्या, पण धीर वगैरे काही दिला नाही. त्यांनी अनयचा पाय हातात घेतला. "ठाण्याला तपासतात. झोपवून, डोक्याला तारा लावून, किती ऐकू येतं ते मोजतात. दुखत नाही. उद्या चौकशी करू, मी येते बरोबर."

"आणि मशिन असतं हो आता," हरीभाऊ घाईघाईने म्हणाले, जणू कुणी दार लावून घेत होतं. "पूर्वी खिशात पेटी असायची, वायर लोंबायची. आता कानामागे बसतं, शेंगदाण्याएवढं. फक्त पाणी नाही लागू द्यायचं. आणि सेल... सेल इथे मिळतात का बघावं लागेल."

"हरीभाऊ, आधी डॉक्टर. मग तुमचं खातं."

"नाही, मी आपलं सांगून ठेवलं."

बाबांनी मान वर केली. "उघडता येतं का ते?"

"खबरदार!" बाई म्हणाल्या, "हात लावलात त्याला तर!" आसावरी हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने अडवलं नाही. अनयने तिच्या गालावर हात ठेवून ते पाणी कुठून येतंय ते बघितलं.

पलीकडे मुकादमाने स्विच वर केला. लूम एकेक करून बोलू लागले, मग सगळे एकदम. टेबलावरच्या बरण्यांतले स्क्रू किणकिणले. अनयने तिच्या कडेवरून वाकून टेबलाची कड पकडली आणि तो स्थिर झाला.

"बाबा," आसावरी म्हणाली, "वर चला जरा. कॉट उचलायचीय."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते उठले. या वेळी हरीभाऊ आले नाहीत. वर बाबांनी एकेक पाय उचलून धरला, त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या, आणि ती खाली बसून वाट्या ओढून काढत गेली. घट्ट बसलेली शेवटची निघेना; ती तिने नखाने उकलून काढली. पाय फरशीला लागले आणि कॉट घुमू लागली. अनयला आत ठेवलं तेव्हा तो झोपायच्या विचारात नव्हता. तरी त्याने सवयीने हात पट्टीवर पसरला, गाल टेकवला आणि दोघांकडे बघत पडून राहिला.

बाबांनी आपला काळा पडलेला तळवा त्याच पट्टीवर, त्याच्या हाताशेजारी ठेवला. डोळे मिटले. नट तपासताना मिटतात तसे. खालून हरीभाऊंनी, बाईंनी टाकलेला चहा निवतोय म्हणून हाक दिली. बाबांनी ती ऐकली की नाही, कोण जाणे. त्यांनी हात काढला नाही.